तादासु-नो-मोरी

जपानमधील क्योटो शहराच्या उत्तर भागातील शिमोगामो या प्राचीन शिंतो मंदिराचे पवित्र वन (देवराई). क्षेत्रफळ सु. १२.४ हेक्टर. कामो व ताकानो या नद्यांच्या संगमावरील त्रिकोणी भूमीवर ते पसरले आहे. शिंतो परंपरेत देवतेचे सान्निध्य मूर्तीपेक्षा स्थळाशी निगडित असल्यामुळे हे वन मंदिराची केवळ शोभा नसून उपासनास्थानाचाच भाग होय.

‘तादासु’ या नावाचा संबंध काही जण संगमावरील वाळूच्या पट्ट्याशी लावतात. परंतु त्या शब्दाचा ‘शहानिशा करणे’ असाही अर्थ होत असल्याने, खरेखोटे निवडणारी देवता येथे वसते ही समजूत रूढ झाली. गेंजी मोनोगातारी या अकराव्या शतकातील कादंबरीचा नायक राजधानी सोडताना आपल्या निर्दोषत्वाचा निवाडा याच देवतेवर सोपवितो. होजोकी (१२१२) या ग्रंथाचा कर्ता कामो-नो-चोमेई हा येथील पुरोहित घराण्यातला. वनातील कावाई या उपमंदिराचे पुरोहितपद मिळावे, ही त्याची इच्छा भाऊबंदांच्या विरोधामुळे विफल झाली आणि त्याने संन्यास घेतला.

दक्षिणेकडून वनात शिरणारी वाट सरळ उत्तरेस मंदिराच्या शेंदरी महाद्वाराकडे जाते. वाटेच्या कडेने लहान ओढे वाहतात. झाडांत केयाकी, एनोकी व मुकुनोकी या पानझडी जातींचे प्राबल्य असून क्योटोच्या सखल प्रदेशातील मूळ वनश्रीचा हा दुर्मिळ अवशेष समजला जातो. काही वृक्ष कित्येक शतकांचे आहेत. शहराच्या मधोमध असूनही येथे उन्हाळ्यात गारवा जाणवतो. पानांचे रंग मात्र उशिरा, डिसेंबरच्या आरंभी पालटतात. एरवी शांत असलेले हे वन ३ मे रोजी घोडदौडीत बाण मारण्याच्या विधीने आणि १५ मेच्या आओई उत्सवाच्या मिरवणुकीने गजबजते. जुलैमध्ये भाविक मंदिरातील मिताराशी कुंडाच्या थंड पाण्यातून अनवाणी चालतात.

ही शांतता सहजासहजी टिकलेली नाही. ओनिन युद्धात (१४६७–७७) वनाचा बराच भाग जळाला. १८७१ मध्ये मेजी शासनाने मंदिरांच्या जमिनी ताब्यात घेतल्या. वनाचा संकोच व्हावयास हे एक मोठे कारण ठरले. १९३४ चे वादळ व १९३५ चा पूर यांनी असंख्य झाडे उन्मळली. त्यांच्या जागी कापूरवृक्ष लावले गेले. त्यांमुळे वन भरून निघाले, पण त्याचे मूळ स्वरूप काहीसे पालटले. १९८३ मध्ये त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि १९९४ मध्ये मंदिरासह त्याचा जागतिक वारशात समावेश झाला.

तरीही वाद संपले नाहीत. मंदिराचा जीर्णोद्धार-विधी दर २१ वर्षांनी होतो. त्याच्या खर्चासाठी दक्षिण टोकाजवळील जमीन निवासी इमारतींकरिता भाडेपट्ट्याने देण्याचा निर्णय मंदिराने २०१५ मध्ये जाहीर केला. रहिवाशांनी विरोध केला. तथापि इमारती उभ्या राहिल्या. मंदिराची अडचण खरी होती : जमिनींचे जुने उत्पन्न पूर्वीच गेले होते आणि १९४७ च्या संविधानानुसार धर्मसंस्थांच्या निर्वाहासाठी शासकीय द्रव्य देता येत नाही. मात्र वन राखण्यासाठी वनाच्याच काठची जमीन द्यावी लागावी, हा विरोधकांचा आक्षेपही दुर्लक्षणीय नव्हता.