मोटारीच्या धुराची परीक्षा

मोटारीच्या धुरातील विष मोटारीतच जिरवावे, या कल्पनेला मूर्त रूप देणाऱ्यांत यूजीन हूद्री या अमेरिकेत स्थायिक झालेल्या फ्रेंच अभियंत्याचे नाव अग्रभागी आहे. लॉस एंजेलिसच्या कोंदट हवेने त्याचे लक्ष वेधले, आणि १९५६ मध्ये त्याच्या उत्प्रेरक-पात्राला पेटंट मिळाले. घात केला तो शिशाने. तत्कालीन पेट्रोलमध्ये शिसे मिसळीत. त्याचा लेप चढला की उत्प्रेरक निष्प्रभ होई. हूद्री १९६२ मध्ये निवर्तला. शिसेरहित पेट्रोल आल्यावर, १९७५ पासून, अमेरिकेतील बहुतेक नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. मुंबईसह आपल्या चार महानगरांत १९९५ मध्ये.

परंतु निकामी झालेला कन्व्हर्टर ओळखावा कसा? गाडी तर बहुधा पूर्ववत धावतच असते! अमेरिकेत १९९६ पासून सक्तीच्या झालेल्या निदानव्यवस्थेने यावर तोड काढली. एक प्राणवायू-सेन्सर कन्व्हर्टरच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. अलीकडच्याचा विद्युद्दाब सारखा वरखाली होतो. कन्व्हर्टर प्राणवायू साठवून ठेवीत असल्याने पलीकडच्याचा जवळपास स्थिर राहतो. तोही नाचू लागला की संगणक ‘पी ०४२०’ ही खूण नोंदवून दिवा लावतो.

येथेच पुष्कळ कारागीर फसतात. संगणकाने धूर मोजलेला नसतो; प्राणवायूच्या साठ्यावरून त्याने केवळ अनुमान बांधलेले असते. धुराच्या नळीची बारीक गळती किंवा बिघडलेला सेन्सरही तीच खूण उमटवू शकतो. शिवाय प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मोलाच्या धातूंचा नवा कन्व्हर्टर बसविला, पण इंजिनाची चुकणारी ठिणगी तशीच राहिली, तर न जळलेले पेट्रोल आत जाऊन पेटते आणि नव्याचाही अंतर्भाग वितळू शकतो.