जुन्या कळफलकाची पारख : आयबीएम मॉडेल एम

जुना मेकॅनिकल कळफलक विकत घेताना बहुतेक लोक प्रथम कळा दाबून पाहतात. त्याआधी तो पालथा करून पाहावा, असे माझे मत आहे. निदान आयबीएमच्या ‘मॉडेल एम’बाबत तरी. त्याच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते व तिच्यावर भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि निर्मितीची तारीख असते. हौशी संग्राहक तिला जन्मदाखला म्हणतात. हा दाखला वाचायचा तर त्यामागचा इतिहास ठाऊक असावा लागतो, आणि बाजारात या इतिहासाचे एकच सूत्र ऐकू येते : जितका जुना तितका अस्सल. हे सूत्र अर्धेच खरे आहे.

अमेरिकेतील केंटकी राज्यातले लेक्सिंग्टन हे आयबीएमच्या टंकयंत्रांचे गाव. १९६१ साली आलेले प्रसिद्ध ‘सिलेक्ट्रिक’ टंकयंत्र तिथेच तयार होई. संगणकाचे कळफलक घडवण्याचे काम तिथे आले तेव्हा ते ज्यांच्या हाती पडायचे होते ती मंडळी टंकलेखनात मुरलेली होती. कळ केव्हा ‘लागली’ हे बोटाला आणि कानाला एकाच वेळी कळावे, ही त्यांची सवय. रिचर्ड हंटर हॅरिस यांना १९७८ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले ती ही सवय फार सोप्या रीतीने सांभाळते. प्रत्येक कळीखाली एका नळीत एक उभी स्प्रिंग असते. कळ दाबली की ती दबत जाते आणि एका क्षणी दाब न सोसून मधोमध लचकते. लचकताना ती नळीच्या भिंतीवर आदळते, तोच खटका; आणि तिच्या बुडाशी असलेली छोटी पट्टी त्याच झटक्यात कलंडून विद्युत्-संकेत देते. स्पर्श, ध्वनी आणि संकेत या तिन्ही गोष्टी एकाच घटनेतून निघतात. नंतरच्या कित्येक कळफलकांत आवाजासाठी वेगळा तुकडा बसवलेला असतो. इथे तशी सोय करावीच लागली नाही.

ऑगस्ट १९८१मध्ये आलेल्या आयबीएम पीसीबरोबर ही रचना घरोघरी पोहोचली, ती ‘मॉडेल एफ’ या रूपात. त्यात कळीची पट्टी विद्युत्-धारिता बदलत असे, आणि सारा सांगाडा धातूच्या पत्र्यांनी एकमेकांत अडकवलेला असे. १९८५मध्ये आलेले मॉडेल एम हे त्याचे स्वस्त भावंड. एमच्या भक्तांना हे वाक्य रुचणार नाही, पण ते खरे आहे. धारितेच्या फलकाऐवजी प्लास्टिकचे छापील पापुद्रे आले, आणि नळ्यांचा साचा पोलादी पत्र्याला जोडण्यासाठी प्लास्टिकच्याच खुंट्या वितळवून त्यांचे रिव्हेट केले गेले. १०१ कळांची जी मांडणी आज आपण गृहीत धरतो ती याच कळफलकाने रूढ केली. त्यामुळे त्याचे ऐतिहासिक महत्त्व वादातीत आहे. पण कारखान्यात वाचवलेल्या त्या पैशांची किंमत आज जुना नग घेणाऱ्याला मोजावी लागते.

कारण हे प्लास्टिकचे रिव्हेट वयाने ठिसूळ होतात आणि एकेक करून तुटतात. दोन-चार तुटले तर काही बिघडत नाही. बरेच तुटले की पत्रा सुटू लागतो, पापुद्र्यांवरचा दाब कमी होतो, खटका भोंगळ येतो, आणि पुढे काही कळा खटका देतात पण अक्षर देत नाहीत. म्हणून कळफलक हातात घेऊन हलक्याने हलवावा. आत बारीक खडे फिरल्यासारखा आवाज आला तर ते तुटलेले रिव्हेट होत. मग प्रत्येक कळ दाबून शेजारणीशी तिचा स्वर जुळतो का ते ऐकावे. विक्रेता तयार असेल तर मागचे चार स्क्रू काढून आत पाहावे. ते साध्या पेचकसाने निघत नाहीत, त्यांना साडेपाच मिलिमीटरचा लांब षट्कोनी पाना लागतो. पान्याच्या खुणा आधीच दिसल्या तर कोणी उघडला होता आणि कशासाठी, हे विचारावे. रिव्हेट कापून तिथे बोल्ट बसवण्याची दुरुस्ती सर्वश्रुत आहे. ती नीट केलेली असेल तर तो दोष नसून गुणच. मात्र ‘मूळ स्थितीतील’ वस्तूचा हट्ट असलेला संग्राहक अशा नगाचे पैसे कमी देतो. माझ्यासारख्या टंकणाऱ्याचे त्यात भलेच होते.

आता दाखल्याकडे. १३९०१३१ हा क्रमांक आरंभीच्या नगांचा. त्यांच्यावर चौकोनी रुपेरी बिल्ला असतो आणि त्या बिल्ल्याला वेगळे मोल पडते. सर्वाधिक आढळणारा क्रमांक १३९१४०१. मार्च १९९१मध्ये आयबीएमने लेक्सिंग्टनचा हा व्यवसाय विकला, त्याची लेक्समार्क कंपनी झाली आणि तिने १९९६पर्यंत हे कळफलक बनवले. या काळात वायर पक्की जोडलेली झाली, पत्रा हलका झाला. पण सांडलेले पाणी वाहून जावे म्हणून आत पन्हळीही आल्या. म्हणजे उतरंड सरळ नाही. १९९४चा नग हलका असला तरी कदाचित चहाच्या कपातून वाचलेला असतो, आणि रुपेरी बिल्ल्याच्या नगाचे रिव्हेट सात-आठ वर्षांनी थोरले. सावधगिरी एकाच बाबतीत हवी : काही उत्तरकालीन नगांचे कवच तसेच, पण आत स्प्रिंगऐवजी रबर असते. एखादी टोपी काढून पाहिल्यास खरे काय ते दिसते.

१९९६नंतर हत्यारे व हक्क युनिकॉम्प या लेक्सिंग्टनच्याच कंपनीकडे गेले आणि ती आजही हे कळफलक बनवते. भाव ठरवताना हा मुद्दा लोक विसरतात. नवा, चालू, यूएसबीचा नग ज्या किमतीला मिळतो त्याहून अधिक पैसे खडखडणाऱ्या जुन्या नगाला देणे म्हणजे बिल्ल्याचे पैसे देणे होय. तसे द्यायला हरकत नाही, पण ते जाणूनबुजून द्यावेत.

आपल्याकडे हे कळफलक तुरळकच दिसतात. आयबीएम १९७८ साली भारतातून बाहेर पडली ती १९९२मध्ये टाटांच्या साथीने परतली. एमची उमेदीची वर्षे नेमकी त्या दरम्यानची. मी माझा परदेशातून आलेल्या सामानातून घेतला. दाखल्यावर १९८९ साल, कवच स्वच्छ, टोपीवरची अक्षरे ठसठशीत, कारण ती रंग प्लास्टिकमध्ये मुरवून छापलेली असतात आणि झिजत नाहीत. त्या अक्षरांवरच मी भाळलो आणि कळफलक हलवून पाहिला नाही. घरी आणल्यावर दोन अडचणी निघाल्या. पहिली किरकोळ : साधा जोडतुकडा लावून तो यूएसबीवर चालेना, त्याला रूपांतर करणारे परिपथ असलेला घ्यावा लागला. दुसरी तळाच्या ओळीत होती. कवच उघडले तेव्हा रिव्हेटांची काळी डोकी टेबलावर सांडली. मी मोजली, एकवीस होती. गेल्या पावसाळ्यात दोन रविवार खर्चून बोल्ट बसवले. हा लेख त्याच कळफलकावर टंकला आहे, आणि उजवीकडची शिफ्ट अजून किंचित भोंगळ वाजते.