यंत्रावरची जाळी आणि तसबिरीची चौकट



वऱ्हाडातील लग्नघरी रुखवताची मांडणी पाहिली नाही असा मनुष्य या सभेत क्वचितच असेल. क्रोशाची महिरप, मण्यांचे तोरण, रेशमी भरतकामाचा पडदा हे सारे आपल्या परिचयाचे आहे. त्याच मांडणीत शोभेल असा एक छोटा जिन्नस मी आज आपल्यापुढे ठेवीत आहे. तळहाताएवढी दोऱ्याची जाळी, तिच्या मध्यभागी आजीआजोबांचे छायाचित्र आणि वर टांगण्यासाठी दोऱ्याचीच कडी. हातात घेऊन उलटसुलट पाहावे, तर पाठीमागे कापड म्हणून नाही. नुसता दोरा, आणि तरीही ती जाळी आपला आकार धरून राहते. ही युक्ती कोठून आली, आणि कापूस पिकवणाऱ्या भातकुलीकरांनी तिच्या इतिहासात मन घालावे असे काय आहे, हा आजचा विषय.

प्रथम कृती पाहू. भरतकामाच्या रिंगीत पाण्यात विरघळणारा पातळ पदर ताणून बसवतात. यंत्र त्यावर आधी उभ्याआडव्या टाक्यांचे जाळे घालते आणि मग त्या जाळ्याला धरून वेलबुट्टी व काठ भरते. या वस्तूला उलटी बाजू नसते, म्हणून खालच्या बॉबिनमध्येही वरच्याच रंगाचा दोरा घालावा लागतो. तसबिरीसाठी दोन भाग करतात. पुढचा भाग म्हणजे मध्ये मोकळी जागा असलेले कडे, आणि मागचा भाग भरीव. दोन्ही भाग कोमट पाण्यात धुऊन, सपाट वाळवून त्यांच्या कडा सांधतात, एका बाजूस फट ठेवतात आणि तीतून छायाचित्र आत सरकवतात. ते आधी बसवले, तर जाळीबरोबर त्यालाही स्नान घडेल! पदराचा थोडा अंश दोऱ्यात राहू दिला, तर तो खळीसारखा ताठरपणा देतो. आपण खारपाणपट्ट्यातले लोक. तेव्हा शेवटचे पाणी गोडे घ्यावे, नाहीतर वाळल्यावर क्षारांची पांढरी राप उठते.

परंतु कृतीचे मर्म याहून निराळे आहे. प्रत्येक टाका दुसऱ्या टाक्यात अडकलेला असला पाहिजे. जो टाका केवळ पदराच्या भरवशावर उभा होता, तो पदराबरोबर सुटतो आणि सगळी वेलबुट्टी पाण्यात विखुरते. हे मर्म आपण ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

ही युक्ती कालपरवाची वाटते, पण तिचे वय सव्वाशे वर्षांहून अधिक आहे. १८२९ साली फ्रान्समधील म्यूलूझ येथे जोशुआ हाइलमान याने अनेक सुया एकाच नकाशाबरहुकूम चालवणारे भरतकामाचे यंत्र सिद्ध केले. १८६३ साली स्वित्झर्लंडमध्ये इझाक ग्रोब्ली याने शिवणयंत्राप्रमाणे अखंड दोऱ्यावर चालणारे यंत्र काढले. त्यातला खालचा धोटा होडीच्या आकाराचा, म्हणून त्या यंत्राला ‘शिफ्ली’, म्हणजे छोटी नाव, हे नाव पडले. पुढे १८८० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन आणि जर्मनीतील प्लाउएन या नगरांत एक धाडसी प्रयोग झाला. रेशमी कापडावर सुती दोऱ्याने भरतकाम करावयाचे आणि मग ते दाहक सोड्याच्या द्रावात बुडवावयाचे. रेशीम हा प्राणिज धागा, त्याला तो द्राव खाऊन टाकतो. कापूस वनस्पतिज, तो टिकतो. कापड गेले, जाळी राहिली. आजचा पाण्यात विरघळणारा पदर याच विचाराचा वारस आहे. तो बहुधा पॉलिव्हिनिल अल्कोहोलचा असतो, आणि ते द्रव्य १९२४ साली हेर्मान व हेनेल या जर्मन रसायनज्ञांनी प्रथम तयार केले.

यापूर्वी अशी जाळी म्हणजे हातांचे आणि डोळ्यांचे काम होते. एका गळपट्टीसाठी कारागीर स्त्रियांचे महिनेच्या महिने जात. यंत्राने ती शेकड्यांनी निघू लागली आणि मध्यम वर्गाच्या घरी पोहोचली. त्याच वेळी हाताने जाळी विणणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. यंत्राच्या नगरांची मात्र भरभराट झाली. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात प्लाउएनच्या जाळीला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. १९१२ पर्यंत त्या नगराची वस्ती सव्वा लाखावर गेली. १९१० च्या सुमारास भरतकाम ही स्वित्झर्लंडची सर्वांत मोठी निर्यात होती, आणि जगातील निम्म्याहून अधिक माल सेंट गॅलनच्या परिसरात होत असे. मग १९१४ चे महायुद्ध आले, बाजारपेठा तुटल्या, युद्धानंतर वेशभूषा साधी झाली, आणि हे वैभव ओसरले.

ही हकिगत ऐकताना वऱ्हाडी मनुष्याला आपलीच कहाणी आठवल्यावाचून राहणार नाही. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आमच्या आखूड धाग्याच्या कापसाची आठवण झाली. भाव आभाळाला भिडले. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले, मुंबईत पेढ्या आणि कंपन्या बुडाल्या. १८६७ मध्ये बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत आगगाडी पोहोचली, ती मुख्यतः कापूस बंदराकडे नेण्यासाठीच. सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले, परंतु कापसाचा भाव दूरच्या बाजारात ठरत राहिला.

दोन्हीकडे परक्या मागणीचा आधार विरघळला. मग काय उरले, हा प्रश्न विचारला पाहिजे. सेंट गॅलनमध्ये नमुन्यांचा संग्रह, आराखडे काढणारे कलावंत आणि तंत्र शिकवणारी शाळा यांची एकमेकांत गुंफण झाली होती. म्हणून उद्योग लहान झाला तरी पॅरिसचे वेशकार आजही तेथून भरतकाम घेतात. प्लाउएनच्या जाळीचे नावही अद्याप टिकून आहे. आमच्याकडे शेत, सूत, सुई आणि नमुना यांचा एकमेकांशी टाका बसलाच नाही. शेतकरी कापूस विकून मोकळा, आणि शिवणारी बाई दोरा विकत घेऊन मोकळी. आजचा विरोध तर पाहा: यंत्रावरच्या भरतकामाचा दोरा बहुतेक रेयॉनचा किंवा पॉलिएस्टरचा असतो. म्हणजे कापसाच्या मुलखात बनलेल्या जाळीत कापसाचा तंतूही नसावा!

१९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहिले आणि शिवणकाम हे स्त्रीच्या स्वावलंबनाचे साधन म्हणून शिकवले जाऊ लागले. त्या काळी यंत्र चालवणे हेच कौशल्य होते. आता संगणकावरचे यंत्र टाके आपोआप घालते, आणि नमुनाही तयार विकत मिळतो. मग चालवणारीचे असे काय उरले? कोणी म्हणेल, परदेशी स्वस्त मालापुढे गावची बाई टिकणार नाही. तोरणांच्या बाबतीत ही शंका खरी असेल. तसबिरीचे मात्र तसे नाही. आतले आजोबा कोणाचे, त्यांच्या नावाचे अक्षर कोणते, लग्नाची तिथी कोणती, हे दूरच्या कारखान्याला आगाऊ ठाऊक नसते. ही वस्तू मागणीनुसार, माणूस पाहून करावी लागते. नमुना आपल्या रांगोळीतून, पळसाच्या फुलातून, कापसाच्या बोंडातून काढावा. दोरा शक्य तेथे सुती वापरावा. आणि बचतगटाने एकत्र यंत्र घेऊन एकत्र भाव ठरवावा. एकटीदुकटीचा टाका सैल राहतो.

रासायनिक जाळीचा हा इतिहास इतकेच सांगतो की कोणताही आधार कायमचा नसतो. बाजार बदलतात, सरकारे बदलतात, यंत्रेही जुनी होतात. तो आधार धुऊन जाण्यापूर्वी आपण आपले टाके एकमेकांत अडकवले आहेत की नाहीत, एवढेच आपल्या हाती असते. भातकुलीच्या भगिनींनी हे मनावर घेतले, तर मला केलेल्या श्रमाचे सार्थक वाटेल.