मुदत संपलेली शिष्यवृत्ती

शिवथरघळीहून परतताना महाडला चवदार तळ्यापाशी थांबणं होतंच. १९२७ चा सत्याग्रह सगळ्यांना ठाऊक आहे. मला तिथे बाबासाहेबांची शिक्षणाच्या पैशांसाठी झालेली ओढाताणही आठवते.

सयाजीरावांनी १९१३ मध्ये त्यांना कोलंबियासाठी दरमहा ११.५ पौंडांची शिष्यवृत्ती दिली, ३ वर्षांसाठी. फेड पैशांत नव्हे, चाकरीत: परतल्यावर १० वर्षं बडोद्याची नोकरी. वाढवून मिळालेली मुदतही १९१७ मध्ये संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट ठेवून यावं लागलं. पण निघण्याआधी त्यांनी ४ वर्षांच्या आत परतण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली होती.

बडोद्यात अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना, नोकरी सुटली. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, काटकसर, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून ५ हजार रुपयांचं कर्ज. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

आज बँकेच्या शैक्षणिक कर्जात शिक्षण चालू असेपर्यंत सहसा हप्ता नसतो, व्याज मात्र चढत राहतं. तेव्हा भाचेमंडळी, रकमेआधी मुदत विचारा. आणि मध्येच थांबावं लागलं तर परत कधीपर्यंत येता येईल, हे लेखी घेऊन ठेवा.