कोकिळेवरील आळ

सोयगांव तालुक्यांत वैशाखाच्या उन्हांत कोकिळाचा स्वर चढूं लागला, कीं कावळ्यांचीं घरटींहि तयार झालीं असें समजावें. हा योगायोग नव्हे. कोकिळा स्वतः घरटें बांधीत नाहीं. ती आपलें अंडें कावळ्याच्या घरट्यांत घालते. तें कावळ्याच्या अंड्याहून लहान, पण रंगानें पुष्कळसें सारखें असतें. शिवाय तें आधीं फुटतें, त्यामुळें पाहुण्या पिलास चाऱ्यांत आघाडी मिळते.

हें ज्ञान आपल्याकडे फार जुनें आहे. अमरकोशांत कोकिळास ‘परभृत’, म्हणजे दुसऱ्यानें पोसलेला, व कावळ्यास ‘परभृत्’, म्हणजे दुसऱ्यास पोसणारा, अशीं नांवें आहेत. पाय मोडलेल्या एका ‘त’नें सारा व्यवहार सांगितला!

परंतु ज्ञान असलें म्हणजे न्याय असतोच असें नाहीं. पांचव्या शतकांत, वाकाटक राजा हरिषेण याच्या राजवटींत, याच तालुक्यांत अजिंठ्याचीं अनेक लेणीं कोरलीं गेलीं. कालिदासाचा काळहि बहुतेक विद्वान त्याच शतकाच्या आसपास मानतात. त्याच्या ‘शाकुंतला’च्या पांचव्या अंकांत दुष्यंत गर्भवती शकुंतलेस नाकारतो, आणि स्त्रीजातीच्या उपजत लबाडीचा दाखला म्हणून कोकिळेकडे बोट दाखवितो. हा दाखला त्याच्यावरच उलटतो, हें वाचकांच्या ध्यानांत येईल. मातेनें टाकलेल्या या कन्येस पक्ष्यांनीं राखिलें, म्हणून तिचें नांव शकुंतला, असें महाभारत सांगतें. पुढें राजाचा पुत्र भरत मारीचाच्या आश्रमांत वाढतो. शापामुळें कां होईना, आपलें अपत्य दुसऱ्याच्या पदरीं टाकणारा ठरला तो राजाच.

हा आळ किती पोकळ आहे, हें पुढें युरोपांतील निरीक्षणानेंहि दिसून आलें. एडवर्ड जेन्नर यानें १७८८ सालीं प्रसिद्ध केलें, कीं तेथील ‘कक्कू’ या कोकिळवर्गीय पक्ष्याचें नुकतेंच जन्मलेलें पिलूं यजमानाचीं अंडीं-पिलें पाठीवर घेऊन घरट्याबाहेर लोटतें. आपल्या कोकिळाचें पिलूं मात्र बहुधा कावळ्याच्या पिलांसहच वाढतें. ज्याचे डोळेहि उघडलेले नाहींत, त्याच्यावर कपटाचा आरोप कोणी करावा? डार्विननें १८५९ सालीं कक्कूच्या या सहजप्रवृत्तीची मीमांसा नैसर्गिक निवडीच्या तत्त्वानें केली. तींत पापपुण्यास स्थान नाहीं.

आमच्या मतें नाटकांतील राजापेक्षां कोशकारच अधिक न्यायी. कोण पोसतो आणि कोण पोसला जातो, एवढेंच त्यानें नोंदविलें; दोष कोणासच दिला नाहीं.