भुईकोटाला डोंगर नसतो

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात मातीचा किल्ला करण्याची चाल मूळची पुणे, सातारा, कोल्हापूर, मुंबईकडची. आता ती नांदेड-लातूरच्या वसाहतींमध्येही दिसते. विटा, दगड, फुटकी बादली, रद्दीचे बोळे यांचा उंचवटा रचायचा, चिखलात भिजवलेले गोणपाट त्यावर पांघरायचे, गेरू आणि चुना मारायचा, वरून हळीव नाहीतर मोहरी पेरायची. चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. मग बाजारातून आणलेले मातीचे मावळे चढणीवर उभे राहतात आणि माथ्यावर महाराज सिंहासनावर बसतात. मोठी माणसे क्षणभर थांबतात, कौतुक करतात आणि पुढे जातात.

पण हा निव्वळ पोरखेळ नाही. जगातल्या मोठमोठ्या फौजांनी हेच काम केले आहे, तेही पूर्ण गांभीर्याने. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या काळात, 1668 पासून, त्याचा युद्धमंत्री लुव्वा याने सरहद्दीवरच्या किल्ल्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करून घ्यायला सुरुवात केली. लाकूड, कागद, रेशीम, वाळू वापरून केलेल्या या प्रतिकृतींमध्ये तट आणि बुरूज तर होतेच, शिवाय आजूबाजूची टेकाडे, नाले, शेतेही होती. कारण साधे होते. नकाशावर उंची कळत नाही. कोणत्या टेकाडावरून तोफगोळा तटाच्या आत पडेल, हे राजाला पॅरिसमध्ये बसून पाहायचे होते. यातल्या कित्येक प्रतिकृती आजही पॅरिसच्या लष्करी संग्रहालयाच्या वास्तूत ठेवलेल्या आहेत.

पुढची पायरी बुद्धिबळातून आली. बुद्धिबळ आपल्याकडचे, चतुरंगातून निघालेले. पण त्याच्या पटावर जमीन नाही. चौसष्ट घरे, सगळी सपाट. ना नदी, ना खडक, ना चढ. 1780 मध्ये हेलविग नावाच्या जर्मन माणसाने पट वाढवला आणि घरांना वेगवेगळे रंग दिले: हे डोंगराचे, हे दलदलीचे, हे पाण्याचे. 1812 मध्ये प्रशियाच्या फॉन राइसविट्झने राजाला एक टेबलच भेट दिले. त्याच्यासोबत प्लास्टरचे सुटे तुकडे होते. कुणावर टेकडी, कुणावर ओढा, कुणावर रस्ता. ते हवे तसे जोडायचे आणि त्यावर लढाई खेळायची. त्याच्या मुलाने 1824 मध्ये नियम सुधारले आणि प्रशियाच्या लष्कराने हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणात घेतला. 1913 मध्ये लेखक एच. जी. वेल्सने खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले. आज युरोप-अमेरिकेत हा छंद असलेली माणसे बोटाएवढे सैनिक रंगवतात आणि त्यांच्यासाठी टेबलावर खडक, कडे, घळी तयार करतात.

या सगळ्या प्रवासाचे सार एका वाक्यात सांगता येते. लढाई माणसे लढतात, पण ती कुठे आणि कशी लढायची हे बरेचसे दगड ठरवतो.

म्हणूनच दगड खरा करावा लागतो. सह्याद्री आणि मराठवाड्याचा बहुतेक भाग लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तयार झाला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्यामुळे इथल्या डोंगराला पायऱ्या असतात: एक उभा कातळ, मग उतार, पुन्हा कातळ, पुन्हा उतार, आणि वर सपाट माथा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. त्रिकोणी टोकाचा डोंगर आपल्या मुलांच्या चित्रात असतो, आपल्या मुलखात क्वचितच. तेच नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, देगलूर-बिलोलीकडे गेलात तर लाव्हा संपतो आणि त्याखालचा फार जुना ग्रॅनाइट वर येतो. तिथे कडे नाहीत. गोल गुळगुळीत धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे दिसतात. लातूरकडून बिदरला उतरलात तर तांबडा, छिद्रांचा जांभा लागतो. बिदरच्या किल्ल्याचा खंदक त्याच जांभ्यात कोरलेला आहे. एका दिवसाच्या प्रवासात दगडाच्या तीन जाती भेटतात. तिघींचे किल्ले वेगळे, आणि त्या किल्ल्यांवरची लढाईही वेगळी.

आता आपल्या अंगणातल्या किल्ल्याकडे या. कंधारमधला मुलगा रायगड करतो. औशातला प्रतापगड करतो. उदगीरमधला राजगड करतो. करावेत, जरूर करावेत. ते किल्ले सगळ्या महाराष्ट्राचे आहेत. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, याचा आनंद मलाही झाला. पण कंधारच्या मुलाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जो कोट उभा आहे, तो त्याच्या अंगणात कधीच का उतरत नाही? एक कारण सरळ आहे. आपल्या मनात किल्ला म्हणजे डोंगर. आणि भुईकोटाला डोंगर नसतो.

नांदेड-लातूरमध्ये माहूर सोडले तर नाव घ्यावे असे किल्ले बहुतेक भुईकोटच. माहूरला डोंगर आहे आणि तीन बाजूंनी पैनगंगेचा वेढा. कंधार, औसा, उदगीर हे जमिनीवरचे. जिथे निसर्गाने कडा दिला नाही, तिथे माणसाने तो उलटा खणला आणि त्याला खंदक म्हटले. खंदकातून निघालेल्या दगडाने तट उभा केला. आत दुसरा तट, दोन्हींच्या मध्ये चिंचोळी वाट, वाकडा दरवाजा, म्हणजे हत्तीला धाव घेऊन धडक देता येऊ नये. वर चर्या, चर्यांमध्ये जंग्या, मागे पहारेकऱ्याला चालायला फांजी. औशाची तर गंमत अशी की कोट खोलगट जागेत आहे. त्याच्या उंच बुरुजावरून येणारी फौज लांबून दिसते, पण त्या फौजेला कोटाचा मोठा भाग जवळ येईपर्यंत दिसत नाही. हे दगडाचे नाही, उतार ओळखण्याचे कसब आहे.

खंदक हा शब्द इथे थोडा वेळ हातात धरावा असा आहे. तो फारसीतून अरबीत गेला आणि तिथून आपल्याकडे आला. मुसलमान घरांत तो लहानपणीच कानावर पडतो, कारण हिजरी 5, म्हणजे इ. स. 627 मध्ये मदिनेच्या बचावासाठी खंदक खणला गेला आणि ती लढाई त्याच नावाने ओळखली जाते. ही कल्पना इराणहून आलेल्या सलमान फारसी यांनी सुचवली, असे परंपरा सांगते. पण भूगोल पाहा. मदिनेच्या पूर्वेला आणि पश्चिमेला काळ्या लाव्ह्याची खडकाळ पठारे आहेत, घोड्यांना दुस्तर. म्हणून खंदक मुख्यतः उत्तरेच्या उघड्या बाजूला खणला. जिथे काळा दगड होता तिथे दगडावर विसंबले, जिथे नव्हता तिथे फावडे चालवले. दख्खनच्या किल्लेदारांनीही शेकडो वर्षे हाच हिशेब केला.

किल्ला, बुरूज, खंदक, तोफ, फौज हे सगळे शब्द अरबी, फारसी, तुर्कीतून आलेले. तट आणि कोट आपल्याकडचे. मराठीत ते एकाच वाक्यात बसतात आणि कुणाला खटकत नाहीत. भाषेने जे सहज पचवले, ते अंगणातल्या किल्ल्यावर मात्र अवघड होऊन बसले आहे. बाजारात मिळणाऱ्या चित्रांची रंगवारी पाहा. एक बाजू भगवी, दुसरी हिरवी. मुलाला कुणी काही शिकवावे लागत नाही. रंगच शिकवून जातात. आणि मोहल्ल्यातल्या मुलाला शेजारच्या अंगणात किल्ला पाहायला गेल्यावर तेच रंग सांगतात की तुझी जागा पलीकडे आहे.

आता याच रंगांनी उदगीरची लढाई मांडून दाखवा. 1760 चा फेब्रुवारी नुकताच लागला होता. सदाशिवरावभाऊ पेशव्यांच्या फौजेसह निजामाच्या पाठीवर होते. सलाबतजंग आणि निजामअली उदगीरकडून औशामार्गे धारूरला पोहोचू पाहत होते, कारण तिथे त्यांची आणखी फौज होती. ही जमीन काळ्या मातीची, लाटेसारखी चढ-उताराची. लपायला कडे नाहीत, अडवायला घाट नाही. अशा उघड्या रानात घोडदळ वेढू शकते, पण तोफांच्या आड शिस्तीने सरकणाऱ्या फौजेला फोडायला तोफाच लागतात. त्या तोफा पेशव्यांच्या बाजूने चालवल्या इब्राहिमखान गारद्याने. तो आधी निजामाच्याच चाकरीत होता, फ्रेंचांची कवायत त्याने तिथे पाहिली आणि आत्मसात केली. समोर निजामाच्या पदरी मराठा घराणी होती. निंबाळकरांच्या रावरंभा घराण्याने तर पिढ्यान्पिढ्या निजामाची सरदारी केली. लढाईनंतर झालेल्या तहात 60 लाखांहून जास्त उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड यांसारखे किल्ले पेशव्यांकडे आले.

पुढच्याच वर्षी, 14 जानेवारी 1761 ला, हाच इब्राहिमखान पानिपतावर भाऊसाहेबांच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि मारला गेला. समोर अब्दाली होता, त्याच्याच धर्माचा. बाजू बदलायचा विचार करायला जागा होती. त्याने बदलली नाही.

आता सांगा, उदगीरच्या पटावर इब्राहिमखानाचा पुतळा कोणत्या रंगाने रंगवायचा? निंबाळकरांच्या स्वाराला कोणता रंग द्यायचा? दोनच डब्या घेऊन बसलात तर लढाई मांडताच येत नाही. उदगीरच्या कोटातही तेच. आत उदयगीर महाराजांची समाधी, जिच्यावरून गावाचे नाव पडले असे सांगतात, आणि भिंतींवर फारसी शिलालेख. दोन्ही एकाच तटाच्या आत. 1636 मध्ये शहाजहानचा सरदार खान-ए-दौरान याने उदगीर आणि औसा घेतले, तेव्हा उदगीरचा कोट वाचवणारा किल्लेदार मुसलमान आणि कोट घेणारा सरदारही मुसलमान. धर्मावरून बाजू ओळखू गेलात तर इथेही फसगत होते.

मग करायचे काय? माझे म्हणणे असे की भुईकोट करून पाहावा. त्यात एक फायदा आहे जो डोंगरी किल्ल्यात नाही. बाजारातला मावळा साधारण 3 इंचांचा. साडेपाच फुटांचा माणूस 3 इंचांचा झाला, म्हणजे प्रमाण 22 ला 1. या मापाने पायथ्यापासून 2,000 फूट उंचीचा डोंगर करायचा तर अंगणात सुमारे 90 फुटांचा ढीग लागेल. म्हणून आपला प्रत्येक रायगड नाइलाजाने खोटा असतो. मावळा त्याच्यावर राक्षसासारखा दिसतो. पण 30 फुटांचा तट या मापाने सोळा इंचांहून थोडा जास्त होतो. 40 फूट रुंद खंदक बावीस इंचांचा. सबंध कोट नाही, पण एक बुरूज, एक दरवाजा आणि समोरचा खंदक अंगणात खऱ्या मापाने बसतो. मावळा तटाखाली उभा केला की मुलाला पहिल्यांदाच कळते, हा तट चढणे म्हणजे काय होते.

कृतीही अवघड नाही. नुसती काळी माती घेऊ नका. ती वाळताना आकसते आणि तटाला भेगा पडतात. तीत मुरूम आणि भुसा मिसळा, किंवा घरे लिंपायची पांढरी माती आणा. खंदकाची बाजू खडकाची दाखवायची तर जाड पुठ्ठा कात्रीने कापू नका, हाताने फाडा आणि तुकडे आडवे एकावर एक चिकटवा. फाटलेल्या कडा थरांच्या दगडासारख्या दिसतात. देगलूरकडचे धोंडे हवे असतील तर रद्दीचे गोळे खळीत बुडवून वाळवा. जुन्या खोक्यातला थर्माकोल पडून असेल तर तो मोडून वापरता येतो, पण त्यावर स्प्रेच्या डब्यातला रंग मारू नका, तो थर्माकोल खातो; आधी फेविकॉल आणि वाळूचा लेप द्या. सजावटीसाठी नवा थर्माकोल घेऊ नका, त्यावर राज्यात 2018 पासून बंदी आहे. रंग देताना आधी सगळीकडे काळपट करडा, तो पूर्ण वाळल्यावर जवळजवळ कोरडा ब्रश फिकट रंगात बुडवून फक्त कडांवरून फिरवायचा. उंचवटे उजळतात, खाचा काळ्या राहतात आणि पुठ्ठ्याचा दगड होतो. थरांच्या मध्ये गेरूची एक बारीक रेघ विसरू नका.

हे करण्यापूर्वी मात्र मुलांना घेऊन एकदा कोट पाहून यावे लागेल. पावलांनी खंदक मोजावा लागेल, चर्या मोजाव्या लागतील, शिलालेख कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागेल. तिथे गेल्यावर मुले विचारतील की हे कुणी बांधले, आणि उत्तरात राष्ट्रकूटही येतील, बहमनीही येतील, निजामशाहीही येईल, मुघलही येतील. कंधारचा मुलगा ज्या दिवशी अंगणात कंधार करेल, त्या दिवशी त्याच्या वर्गातली शबाना आणि सागर दोघेही त्या खंदकात पाणी ओतायला येऊ शकतील. पटावर कुणाची बाजू घ्यायची ते त्यांनी नंतर आपसांत भांडून ठरवावे.