धुराचे शहर आणि उन्हाचे शहर

१९८५ साली रँड मॅकनॅली या नकाशे छापणाऱ्या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने राहण्यास उत्तम शहर कोणते याची क्रमवारी लावणारे एक पुस्तक काढले. हवामान, घरांच्या किमती, दवाखाने, शाळा, वाहतूक, गुन्हे, करमणूक अशा निरनिराळ्या सदरांखाली शहरांना गुण देऊन त्यांची बेरीज केली होती. पहिला क्रमांक पिट्सबर्गला मिळाला. पुढच्याच वर्षी त्या शहराच्या वेशीवरचा होमस्टेडचा प्रचंड पोलादी कारखाना कायमचा बंद झाला. हजारो घरांची चूल ज्या भट्ट्यांवर पेटत होती त्या विझत असताना गावाला सुखाचे प्रशस्तिपत्र मिळावे, हे विचित्र खरे. पण ती बेरीज चुकलेली होती असेही म्हणवत नाही. शहराचे सुख मोजायला बसले की असे घोटाळे होतात. मजुरी, भाडे, हवापाणी यांची चौकशी आपण सगळेच करतो. ती हवा व ते पाणी गावाला कोणी मिळवून दिले, केव्हा दिले, आणि कोणत्या वस्तीच्या अलीकडे ते अडले, ही चौकशी मात्र मागे राहते. आम्ही आज ती दोन शहरांपुरती करणार आहोत. एक हे पिट्सबर्ग, कोळशावर वाढलेले. दुसरे पश्चिम किनाऱ्यावरचे लॉस एंजेलिस, उन्हाच्या जाहिरातीवर वाढलेले.

अलेघेनी आणि मोनोंगहेला या नद्या मिळून जेथे ओहायो नदी होते, त्या संगमावर पिट्सबर्ग वसले आहे. संगमाचे गाव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घाट आणि देवळे येतात. तेथे मात्र काठाकाठाने भट्ट्या उभ्या राहिल्या, कारण शेजारच्या डोंगरांत दगडी कोळसा मुबलक होता. अँड्र्यू कार्नेगीचे साम्राज्य ते हेच. १८९२ साली होमस्टेडच्या कामगारांनी मजुरीसाठी झगडा मांडला, तेव्हा कंपनीने भाडोत्री शिपाई नावांतून आणले. गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे मेली आणि कामगारांची संघटना पार मोडली. त्यानंतर बारा तासांचा दिवस, आणि पाळी बदलताना सलग चोवीस तास काम, ही रीतच पडली. ती १९२३ पर्यंत चालली. त्याच कार्नेगीने १८८९ साली ब्रॅडॉक या लगतच्या गिरणगावात कामगारांसाठी वाचनालय बांधून दिले होते. तळघरात त्यांच्या अंघोळीचीही सोय होती. बारा तास भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाने वाचावे केव्हा, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला.

१९०७ साली काही अभ्यासकांनी या शहराची घरोघर पाहणी सुरू केली. तिच्यात क्रिस्टल ईस्टमन या तरुण विदुषीने कामावरच्या अपघातांचा हिशेब केला. एका वर्षात एका जिल्ह्यात ५२६ माणसे काम करता करता मेली होती, आणि त्यांच्या विधवांपैकी बहुतेकींच्या हाती नाममात्र रक्कम पडली होती. पाण्याची कथा तशीच. वरच्या गावांची घाण नदीत, आणि नदीचे पाणी नळात! श्रीमंतांनी बाटलीतले पाणी विकत घ्यावे, गरिबांनी नळाचे प्यावे. विषमज्वराने मरणाऱ्यांच्या प्रमाणात पिट्सबर्ग अमेरिकेतील मोठ्या शहरांत अग्रभागी होते. पाणी गाळण्याची योजना १९ व्या शतकातच सुचविलेली होती. नगरपित्यांच्या भांडणात वर्षे गेली. १९०८ च्या सुमारास गाळलेले पाणी येऊ लागले आणि मृत्यूंचा आकडा झपाट्याने कोसळला. मजुरी वाढली नव्हती, कामाचे तास घटले नव्हते. पण मूल जगू लागले. पोलादाच्या कोणत्याही विक्रमापेक्षा आम्ही या घटनेला मोठी मानतो.

(जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुंबईचे जमशेटजी टाटा १९०२ साली अमेरिकेत पोलादाची विद्या शोधीत गेले, तेव्हा पिट्सबर्गचे अभियंते ज्युलियन केनेडी यांचा त्यांनी सल्ला घेतला. पुढे साकचीच्या कारखान्याच्या आखणीत केनेडींच्या संस्थेचा हात होता.)

धूर मात्र हटला नाही. धूर म्हणजे रोजगार, अशी तेथे समजूतच होती. भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. कायदा १९४१ साली झाला; युद्धामुळे त्याचा अंमल १९४६ पर्यंत लांबला. त्या वर्षी महापौर झालेले डेव्हिड लॉरेन्स हे मजुरांच्या पाठिंब्यावर निवडून आलेले डेमोक्रॅट. त्यांचे साह्यकर्ते रिचर्ड मेलन हे प्रतिपक्षातले गर्भश्रीमंत पेढीवाले. राजकारणात एकमेकांसमोर उभे असलेले हे दोघे धुरापुढे मात्र एक झाले. स्वस्त कोळसा सोडून गरिबाने महाग जळण घ्यावे काय, ही तक्रार मुळीच खोटी नव्हती. तरी घरोघरच्या शेगड्या बदलल्या, कोळशाची इंजिने गेली, आणि काही वर्षांतच लोकांना आपल्याच गावाच्या टेकड्या दिसू लागल्या. अर्थात कायदा शहराच्या हद्दीपुरता. १९४८ च्या ऑक्टोबरात त्याच नदीवर, वरच्या अंगाला असलेल्या डोनोरा गावी धुके साचले, जस्ताच्या कारखान्याचा विषारी वायू त्यात कोंडला आणि २० माणसे दगावली.

आता पश्चिमेकडे वळू. १९०० साली लॉस एंजेलिसची वस्ती जेमतेम एक लाख होती; १९३० साली ती साडेबारा लाखांच्या घरात गेली. एवढ्या माणसांना पाजायला तेथे पाणी नव्हते. विल्यम मुल्होलंड या अभियंत्याने २३३ मैलांवरून, ओवेन्स खोऱ्यातून, कालवा आणला. १९१३ साली पाणी आले आणि शहर फुगत सुटले. तिकडे ओवेन्सचे सरोवर आटले, शेतकऱ्यांनी चिडून सुरुंगाने कालवा उडविण्याचे प्रयत्न केले. १९२८ साली मुल्होलंडनेच बांधलेले सेंट फ्रान्सिस धरण मध्यरात्री फुटून चारशेंवर माणसे वाहून गेली. त्याने दोष स्वतःच्या माथी घेतला. पिट्सबर्गने आपली घाण खालच्या गावांना दिली, लॉस एंजेलिसने वरच्यांचे पाणी घेतले.

पण उन्हाच्या शहरातले सुख खोटे होते असे कोणी समजू नये. पिट्सबर्गचा कामगार टेकडीच्या उतारावर, काजळीने काळवंडलेल्या चिंचोळ्या घरात राही. येथे साध्या कारकुनालाही बैठे घर, पुढे गवत, मागे संत्र्याचे झाड मिळू शके. पिट्सबर्ग साठ चौरस मैलांच्या आत, तर लॉस एंजेलिस सुमारे ४७० चौरस मैलांवर पसरलेले. हा पसारा प्रथम विजेच्या तांबड्या गाड्यांनी घडविला. हेन्री हंटिंग्टन या गाड्यांचा मालक, आणि रुळांकडेची जमीन विकणाराही तोच. मग मोटार आली आणि गाड्या एकेक करून बंद पडल्या.

१९४३ च्या जुलैत एके दिवशी शहरावर झोंबणारी भुरकट हवा उतरली. लोकांचे डोळे चुरचुरू लागले. युद्धाचे दिवस; हा शत्रूचा विषारी वायू की काय, अशीही शंका काहींना आली. कृत्रिम रबरासाठी लागणारे रसायन बनविणाऱ्या एका कारखान्यावर ठपका आला. तेथे उपाय झाले, तरी ती हवा येतच राहिली. परसातल्या कचऱ्याच्या भट्ट्यांवर १९५७ साली बंदी आली; तेवढ्यानेही भागले नाही. हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दोनतीन वर्षांत उलगडा केला, तो असा: मोटारींचा आणि तेलशुद्धीच्या कारखान्यांचा वाफारा व ज्याची जाहिरात केली ते ऊन, या दोहोंच्या संयोगातून हे विष तयार होते. पिट्सबर्गच्या धुराला धुराडे होते, त्यावर बोट ठेवता येत होते. लॉस एंजेलिसमध्ये आरोपी कोण? कामावर जाणारा प्रत्येक जण. म्हणूनच तेथला उपाय शहराच्या हाती उरला नाही. कॅलिफोर्निया राज्याला १९६७ साली मंडळ नेमावे लागले आणि १९७५ पासून नव्या मोटारींच्या धूरनळीतच शुद्धीकरणाचे यंत्र बसू लागले. हवा बरीच सुधारली, तीही मोटारी वाढत असताना.

संत्र्याचे झाड मात्र सर्वांच्या वाट्याला आले नाही. काळ्या, मेक्सिकन वा जपानी माणसाला घर विकू नये, असे कलम अनेक खरेदीखतांत असे. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली त्याचे बळ काढून घेतले, पण तोवर वस्त्या घडून गेल्या होत्या. काळ्यांच्या वॉट्स या वस्तीतून जाणारी तांबडी गाडी १९६१ च्या एप्रिलात बंद झाली. ज्याच्यापाशी मोटार नाही त्याने दूरच्या कारखान्यात काम मिळवावे कसे? १९६५ च्या ऑगस्टात वॉट्स पेटले, ३४ माणसे मेली. राज्याने नेमलेल्या चौकशी समितीने बेकारी व शाळा यांच्याबरोबरच अपुरी वाहतूक आणि जवळ इस्पितळ नसणे हीही कारणे नोंदली. इस्पितळ १९७२ साली उघडले, २००७ साली बंद पडले, २०१५ साली पुन्हा नव्याने उभे राहिले. रेल्वे १९९० साली त्याच जुन्या मार्गावरून परत आली.

पिट्सबर्गनेही स्वच्छ आकाशाखाली तेच केले. १९५० नंतर लोअर हिल ही बहुतांशी काळ्यांची वस्ती पाडून सुमारे आठ हजार माणसांना उठविले आणि तेथे भव्य क्रीडागार बांधले. पुढे पोलाद गेले. १९५० साली पावणेसात लाख असलेली वस्ती २०२० साली तीन लाखांवर आली. विद्यापीठे व इस्पितळे हाच शहराचा मोठा धंदा झाला. पोलाद कंपनीच्या नावाने उभारलेल्या चौसष्ट मजली इमारतीच्या माथ्यावर २००८ साली इस्पितळाच्या संस्थेची अक्षरे चढली. कार्नेगीने वाचनालय दिले त्या ब्रॅडॉकमध्ये याच संस्थेचे इस्पितळ होते. पुरेसे रुग्ण येत नाहीत या कारणास्तव ते जानेवारी २०१० मध्ये बंद करण्यात आले, आणि गावकऱ्यांचे मोर्चे निघूनही इमारत पाडली गेली.